हातात पैसा आहे, तरी हात आखडता का?

दर वर्षी जून-जुलैत माझ्या टेबलावर फायलींचा ढीग लागतो. डोंबिवलीत मी लोकांची प्राप्तिकराची विवरणपत्रं भरून देते. माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त माणसं निवृत्त आहेत. कुणी बँकेतून, कुणी रेल्वेतून, कुणी शाळेतून. पेन्शन सुरू आहे, घर स्वतःचं आहे, मुदत ठेवींची यादी दोन पानं भरते. ती यादी मात्र पाठकोऱ्या कागदावर असते. उलटून पाहिलं की मागे २०११ सालचं वीजबिल, नाहीतर कुणाच्या मुंजीची पत्रिका, नाहीतर नातवाचा गणिताचा सराव.

यातल्या एका काकांच्या ठेवी मिळून कोटीच्या पुढे जातात. वय ७९. ते स्टेशनच्या पलीकडून चालत येतात, कारण शेअर रिक्षाला पैसे कशाला घालवायचे. आल्यावर आधी खुर्चीत टेकून दम घेतात, पाणी पितात, मग कापडी पिशवीतून फाईल काढतात. पिशवीचे बंद दोनदा तरी पुन्हा शिवलेले आहेत. आणि त्याच फायलीत गावच्या शाळेला दिलेल्या दोन लाखांच्या देणगीची ८०-जीची, म्हणजे करसवलतीची, पावती असते, नीट चार घड्या घातलेली.

या माणसाला कंजूष म्हणावं, तर कंजुषाच्या हातून दोन लाख सुटत नाहीत. नुसतं काटकसरी म्हणावं, तर ७९ व्या वर्षी भर उन्हात रिक्षाच्या भाड्यासाठी धापा टाकणं यात शहाणपण कुठलं? मला वाटतं या दोन्ही शब्दांच्या मधे काहीतरी आहे आणि ते नीट समजून घ्यायला हवं, कारण आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या घरात असं एक माणूस आहे. काहींच्या बाबतीत ते माणूस आपण स्वतःच आहोत.

पुन्हा मिळेल का?

आज सत्तरी-ऐंशीत असलेल्यांचं तरुणपण डोळ्यांसमोर आणा. १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री देशाला सांगत होते की सोमवारी एक वेळ जेवू नका, धान्य कमी आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने लाल मिलो ज्वारीच्या भाकऱ्या खाल्ल्या, दुष्काळी कामांवर सुकडी नावाचा कोरडा, पोषक खाऊ वाटला गेला. १९७४ मध्ये महागाई एका वर्षात २५ टक्क्यांच्या वर गेली. साखर आणि रॉकेल रेशनकार्डावर. गॅससाठी नंबर लावायचा आणि वाट बघायची, फोनसाठी तेच, आणि स्कूटरसाठी तर आठ-दहा वर्षं.

या सगळ्यातून एक गोष्ट मनात पक्की बसते आणि ती आजच्या तिशीतल्या माणसाला सांगूनही उमगत नाही. तेव्हा वस्तू फुटली, तुटली, संपली, तर खिशात पैसे असूनही ती लगेच मिळेल याची खात्री नव्हती. काचेची बरणी फुटली की बाजारातून दुसरी आणू, असा विचार पहिला येत नसे. म्हणून बरणी जपायची. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापताना तुकडा पूर्ण वेगळा होऊ द्यायचा नाही, पिशवी धुऊन टाइल्सवर चिकटवून वाळवायची, सुतळी गुंडाळून ठेवायची, साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवायची. जुन्या नऊवारीची गोधडी, गोधडी विरली की तिचं पायपुसणं. कोंड्याचा मांडा करायला लावणारा तो काळ होता आणि त्या काळाने बायकांच्या हातांना जे वळण लावलं ते आजही गेलेलं नाही.

मुंबईच्या गिरणगावातल्या घरांत त्यात आणखी एक भर पडली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगारांचे पगार थांबले. बरेच जण गिरणीत परत गेलेच नाहीत. त्यांची मुलं आज पन्नाशी-साठीत आहेत, काही जण तर जिथे गिरणी होती तिथल्या टॉवरमध्ये राहतात. यातल्या एकाने मला सांगितलं होतं की महिन्याच्या एक तारखेला पगार खात्यात आला की तो अजूनही आधी बघतो, खरंच आलाय ना. कंपनीत तो मोठ्या हुद्द्यावर आहे.

हे केवळ आठवणींचं हळवेपण नाही. अल्रिके माल्मेंडियर आणि स्टीफन नागेल या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकेतली अनेक दशकांची आकडेवारी तपासली. ज्यांनी आयुष्यात शेअर बाजाराचे वाईट दिवस पाहिले होते, ते पुढे कितीतरी वर्षं शेअर्सपासून लांब राहत होते. बाजार सुधारला, पगार वाढले, तरी अनुभवाचा ठसा पुसला गेला नाही, नुसता फिका होत गेला. पुस्तकात वाचलेली मंदी आणि अंगावर काढलेली मंदी यांचं वजन मनात सारखं नसतं. तेव्हा बाबांना ‘आता काळ बदलला’ असं सांगून उपयोग होत नाही, यात बाबांचा हट्ट कमी आणि माणसाच्या मनाची ठेवण जास्त आहे.

अर्थशास्त्रातला एक जुना सिद्धांत म्हणतो की माणूस कमावत्या वयात साठवतो आणि म्हातारपणी ते खर्च करत जातो. फ्रँको मोदिल्यानी यांना १९८५ चं नोबेल मिळालं त्यात या सिद्धांताचा मोठा वाटा होता. पण प्रत्यक्षात खूप वृद्ध माणसं साठवलेलं खर्च करतच नाहीत. आपल्याकडे त्याची कारणं सरळ आहेत. किती जगू माहीत नाही. हॉस्पिटलचं बिल किती होईल माहीत नाही. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी बंगळुरूत, तेव्हा दुखलं-खुपलं तर माणूस पैशानेच उभं करावं लागणार. ही भीती खोटी नाही. तिची रक्कम किती, हे मात्र फारसं कुणी मोजत नाही, आणि न मोजलेली भीती कितीही पैसा ओतला तरी भरत नाही.

मनातले डबे

आता मनाच्या हिशेबाकडे येऊ. रिचर्ड थेलर यांना २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी दाखवलं की माणूस सगळा पैसा एकाच ढिगात धरत नाही. मनात तो वेगवेगळी खाती उघडतो आणि एका खात्यातला रुपया दुसऱ्यात जाऊ देत नाही. शास्त्राला हे सांगायला नोबेल लागलं, पण मराठी घरात हे डब्यांवरून माहीत होतं. रव्याच्या डब्यात वाणसामानाचे, देवघराच्या खणात सणावाराचे, साड्यांच्या घडीत ‘असू देत’ म्हणून ठेवलेले. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री नोटा रद्द झाल्या आणि दुसऱ्या दिवशी हे सगळे डबे उघडले. नवऱ्याला, मुलांना पत्ता नसलेल्या पाचशेच्या नोटा बाहेर आल्या. त्या नोटा बँकेत भरताना माझ्या आईच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्यासारखा भाव होता, आणि मला फार वाईट वाटलं. ती तिची हिंमत होती, डब्यात ठेवलेली.

या डब्यांतला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात घट्ट झाकणाचा डबा म्हणजे मुद्दल. ‘मुद्दलाला हात लावायचा नाही’ हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. व्याज खर्चायला हरकत नाही, मुद्दल मोडलं की घराचा वासा काढल्यासारखं वाटतं. गणिताच्या दृष्टीने दोन्ही रुपयेच. मनाच्या दृष्टीने एक फळ आहे आणि दुसरं झाड. हे लक्षात ठेवा, कारण पुढे उपाय याच दारातून आत जातो.

दुसरी गंमत टक्क्यांची. डॅनियल कानेमान आणि आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये लोकांना एक प्रश्न विचारला. तुम्ही १५ डॉलरचा कॅल्क्युलेटर आणि १२५ डॉलरचं जॅकेट घेत आहात. दुकानदार सांगतो, वीस मिनिटांवरच्या आमच्या दुसऱ्या शाखेत कॅल्क्युलेटर १० डॉलरला आहे. जाल का? ६८ टक्के लोक हो म्हणाले. मग दुसऱ्या गटासाठी किमती उलट केल्या. कॅल्क्युलेटर १२५ चा, तिकडे १२० ला. आता फक्त २९ टक्के तयार. वाचणारे पाच डॉलर तेच, वीस मिनिटं तीच. पहिल्या वेळी पाच डॉलर म्हणजे एक तृतीयांश सूट वाटली, दुसऱ्या वेळी चिल्लर वाटली.

भाजीबाजारात कोथिंबिरीच्या जुडीत पाच रुपये सुटावेत म्हणून चार टोपल्या फिरणारा माणूस फ्लॅटच्या व्यवहारात पन्नास हजारांवर ‘जाऊ द्या आता’ म्हणतो, ते याच मुळे. पन्नास हजारांत कोथिंबिरीच्या दहा हजार जुड्यांची घासाघीस मावते. पण ऐंशी लाखांच्या शेजारी पन्नास हजार बारीक दिसतात, आणि वीस रुपयांच्या शेजारी पाच रुपये टपोरे.

सुख की टोचणी

मला या विषयातला सगळ्यात उपयोगी विचार स्कॉट रिक, सिंथिया क्रायडर आणि जॉर्ज लोवेनस्टाइन यांच्या २००८ च्या संशोधनात सापडला. त्यांनी काटकसरी माणूस आणि हात न सुटणारा माणूस यांना वेगळं केलं. बाहेरून दोघे सारखे दिसतात, कारण दोघेही खर्च करत नाहीत. आतून मात्र फरक आहे. काटकसरी माणसाला वाचवण्यात आनंद मिळतो. दुसऱ्याला खर्चताना दुखतं. त्याला कधी कधी वस्तू हवी असते, परवडत असते, घ्यावी हेही पटलेलं असतं, आणि तरीही पाकिटाकडे हात जाताना पोटात गोळा येतो.

एकदा ही चाळणी हातात आली की घरातलं बरंच काही उलगडतं. माझी आई सायीचं विरजण लावते, लोणी काढते, तूप कढवते, बेरी साखर घालून खाते. बाजारात तूप मिळतं हे तिला माहीत आहे आणि परवडतंही. पण तूप कढताना घरभर वास सुटतो तेव्हा तिचा चेहरा बघावा. हे सुख आहे आणि त्याला कुणी हात लावू नये. शिळ्या पोळीचा कुस्करा, पाठकोरे कागद, गोधडी, दुरुस्त केलेली छत्री, ही सगळी त्याच जातीची. उलट ‘कशाला ते सगळं’ म्हणत मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन वर्षं लांबवणारे आजोबा सुखात नसतात. त्यांना टोचत असतं.

टोचणी कमी करायची एक वाट आपल्या लोकांनी नकळत शोधून काढली आहे. चाळीस रुपयांच्या रिक्षाला नको म्हणणारी माणसं लाखो रुपये भरून युरोपच्या सहलीला जातात. सगळं धरून, नाश्ता-जेवणासकट, पैसे चार महिने आधी भरलेले. रिक्षाचा मीटर डोळ्यांसमोर पळतो, प्रत्येक आकडा टोचतो. सहलीचे पैसे एकदाच टोचतात, आणि स्वित्झर्लंडच्या बर्फात पोचेपर्यंत ते दुखणं विसरलेलं असतं. ड्राझेन प्रेलेक आणि लोवेनस्टाइन यांनी १९९८ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं: पैसे देणं आणि उपभोग घेणं यांत अंतर पडलं की उपभोग गोड होतो. तीच माणसं मुलाकडे अमेरिकेत गेली आणि पाच डॉलरची कॉफी समोर आली की मनात लगेच चारशेच्या वर रुपये मोजतात आणि ‘मला नको, घरी घेऊ’ म्हणतात.

एक गोष्ट मात्र मी ठामपणे सांगेन. स्वतःवरचा खर्च कमी करणं हा माणसाचा स्वतःचा प्रश्न. कामाला येणाऱ्या मावशींच्या पगारात, दिवाळीच्या पैशांत, आजारपणाच्या रजेत हात आखडला तर ती काटकसर नाही, ते दुसऱ्याच्या ताटातलं उचलणं आहे. माझ्याकडे येणाऱ्या त्या काकांच्या घरी मावशींना पगारी सुट्ट्या आहेत, हे मला मावशींकडूनच कळलं. म्हणून मी त्यांना कंजूष म्हणू शकत नाही.

मोरीला बोळा

आता माझ्या कामाचा भाग, आणि इथे माझा जीव सगळ्यात जास्त तुटतो. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा, ही म्हण जिने केली तिने नक्की कुणाची तरी हिशेबाची वही पाहिली असणार.

दिव्यापासून सुरू करू. खोलीतून उठलं की दिवा बंद, हे वळण ६० वॅटच्या पिवळ्या बल्बच्या काळातलं. आज बहुतेक घरांत ९ वॅटचा एलईडी आहे. युनिटला ८ रुपये धरले तर तो तासाला सात पैसे खातो. पंधरा लिटरचा गीझर एकदा पूर्ण तापायला साधारण ०.६ युनिट लागतं, म्हणजे जवळपास पाच रुपये. तेवढ्या विजेत तो दिवा ६५ तासांहून जास्त जळेल. दिव्यामागे धावणाऱ्या घरात गीझरचं बटण आंघोळीआधी तासभर चालू असतं, कारण दिवा डोळ्यांना दिसतो आणि गीझर दिसत नाही.

बँकेचंही तेच. एका आजींच्या बचत खात्यात दहा लाख पडून होते. बचत खात्याचं आणि मुदत ठेवीचं व्याज यांत चार टक्क्यांचा फरक धरला तर वर्षाला चाळीस हजार, म्हणजे दिवसाला एकशेनऊ रुपये. त्या आजी दूध केंद्रावर चालत जाऊन रोज दोन रुपये वाचवत होत्या. पायी जाणं प्रकृतीला चांगलं, ते जाऊच द्या. पण दोन रुपयांचा हिशेब तोंडपाठ आणि एकशेनऊचा पत्ता नाही.

कुणी पाव-अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून सगळी पुंजी एकाच पतसंस्थेत ठेवतं. बँकेतल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत आहे, आधी एक लाख होतं. पतसंस्थेला हे संरक्षण नाहीच. हे ऐकल्यावर माझ्यासमोर बसलेल्या माणसाचा चेहरा कसा उतरतो ते मी खूपदा पाहिलं आहे. कुणाच्या ठेवीवर वारसाचं नाव नाही, तर कुणी आरोग्य विम्याचा हप्ता जास्त वाटला म्हणून ६४ व्या वर्षी पॉलिसी बंद केलेली असते. ती पुन्हा घ्यायची म्हटलं की वय आणि मधुमेह दोन्ही आडवे येतात.

श्रीमंतांच्या साधेपणाच्या गोष्टीही लोक अर्ध्याच सांगतात. अमेरिकेतले अब्जाधीश गुंतवणूकदार वॉरन बफे यांचं ओमाहातलं घर १९५८ मध्ये ३१,५०० डॉलरला घेतलेलं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यांनी नंतर कंपनीसाठी खाजगी विमान घेतलं आणि त्याचं नाव ‘इन्डिफेन्सिबल’, म्हणजे ज्याचं समर्थन करता येणार नाही असं, ठेवलं, हे फारसं कुणी सांगत नाही. अमेरिकेत व्हर्माँट राज्यातल्या ब्रॅटलबरोत रोनाल्ड रीड नावाचे गृहस्थ होते. आधी पेट्रोल पंपावर काम, मग दुकानात साफसफाई. कोटाला सेफ्टी पिन लावून फिरायचे. २०१४ मध्ये ९२ व्या वर्षी वारले आणि मागे सुमारे ८० लाख डॉलर निघाले. त्यातले ४८ लाख गावच्या हॉस्पिटलला, १२ लाख वाचनालयाला. सेफ्टी पिनेने एवढे पैसे साठत नाहीत, दात कोरून पोट भरत नाही. वाचलेला प्रत्येक डॉलर त्यांनी अनेक दशकं चांगल्या कंपन्यांच्या शेअर्समध्ये ठेवला आणि हलवला नाही. साधेपणाने बी जमवलं, पीक वाढलं ते शेतात.

अजून चालतंय की

माझी मावशी सांगलीला असते. शिक्षिका होती, पेन्शन उत्तम. तिच्या घरातल्या स्लिपरचा तळवा झिजून झिजून काचेसारखा गुळगुळीत झाला होता. अंगठ्याच्या जागी तर खड्डा पडून खालची फरशी दिसायच्या बेतात. मी दिवाळीत म्हटलं, मावशी, नवीन घेऊ या. ती म्हणाली, “अगं, अजून चालतंय की. घरातल्या घरात तर घालायची.” नवीन जोड आणला असता तर दोनशे रुपये. मीही विषय सोडून दिला, याची खंत मला आहे.

जानेवारीत न्हाणीघराच्या उंबऱ्याशी ती घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, हॉस्पिटल, घरी ठेवलेली बाई, वॉकर, सगळं मिळून साडेतीन लाखांच्या आसपास गेले. पैसे होते, भागलं. पण वॉकरशिवाय ती आता अंगणातल्या तुळशीपर्यंत जाऊ शकत नाही, आणि हा खर्च कुठल्याच वहीत मांडता येत नाही.

वय झालेल्या माणसाच्या काटकसरीत शरीर हा पहिला बळी जातो. गोळी अर्धी करून खाणं. फ्रिजमधली तीन दिवसांची आमटी ‘टाकायची कशाला’ म्हणून संपवणं. आंघोळीच्या जागी धरायला दांडी बसवायला नको म्हणणं. कानाचं यंत्र महाग म्हणून टीव्हीचा आवाज वाढवत राहणं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये कमी ऐकू येण्याला स्मृतिभ्रंशाच्या मोठ्या धोक्यांत गणलं आहे. ऐकू आलं नाही की माणूस गप्पांतून बाजूला होतो, मग घरातून, मग स्वतःतून. दुरुस्त केलेली छत्री आणि न घेतलेलं कानाचं यंत्र यांना एकाच कौतुकाने बघू नका, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे.

मग बोलायचं कसं?

‘तुमचेच पैसे आहेत, खर्च करा की’ हे वाक्य मी कधीच यशस्वी झालेलं पाहिलं नाही. त्यात त्यांच्या आख्ख्या आयुष्याला मूर्ख म्हटल्याचा वास येतो. त्यांच्या मनातले डबे फोडण्यापेक्षा आणखी एक डबा ठेवणं सोपं जातं.

एका काकूंचं आम्ही असं केलं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२३ पासून ३० लाखांपर्यंत पैसे ठेवता येतात. काकूंच्या तीस लाखांच्या ठेवीवर ८.२ टक्के व्याज आहे, म्हणजे दर तीन महिन्यांनी ६१,५०० रुपये. मुद्दल जागेवर, हात कुणी लावत नाही. हे व्याज आम्ही वेगळ्या खात्यात वळवलं आणि त्याच्या पासबुकावर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘औषधपाणी आणि हिंडणं’. वर्षभरात त्यांनी दातांचं काम करून घेतलं आणि बहिणीला घेऊन टॅक्सीने गणपतीपुळ्याला जाऊन आल्या. त्याआधीही पैसे होतेच. खर्चायची परवानगी नव्हती, आणि ती त्यांनाच त्यांच्याकडून मिळायला हवी होती. भीतीचंही तसंच. हॉस्पिटलसाठी अमुक लाख, असा आकडा कागदावर लिहून तेवढी ठेव बाजूला काढली की उरलेला पैसा मोकळा श्वास घेतो.

माझ्या वडिलांच्या बाबतीत मला आणखी एक वाट सापडली. ते ८४ वर्षांचे, बँकेतून निवृत्त. घरात १९८८ चे पंखे, दोनदा वाइंडिंग भरून घेतलेले, घरघर करणारे. नवीन घेऊ म्हटलं की उत्तर ठरलेलं, अजून चालतंय की. या उन्हाळ्यात मी विषय बदलला. म्हटलं, बाबा, मला एक हिशेब करून द्या. जुना पंखा ७५ वॅटचा, नवा ३० चा, दिवसाला बारा तास चालतो, युनिटला आठ रुपये. नवा पंखा तीन हजारांना.

त्यांनी खणातून पाठकोरा कागद काढला. मागे कुठल्या तरी लॅबचा रिपोर्ट होता. बोटभर उरलेली पेन्सिल जुन्या पेनाच्या टोपणात खोचून लांब केलेली, ती हातात घेतली. पंचेचाळीस गुणिले बारा. भागिले हजार. गुणिले तीनशे पासष्ट. एकशे सत्त्याण्णव युनिट. वर्षाला पंधराशे सत्त्याहत्तर रुपये. मग चष्मा वर करून त्यांनी तीन हजारांना त्याने भागलं आणि दोनदा तपासलं.

“तेवीस महिने,” ते म्हणाले. थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिले. “तेवीस महिन्यांत वसूल. म्हणजे मी इतकी वर्षं…” पुढचं बोलले नाहीत. मग बेडरूमचा आणि हॉलचा असे दोन सांगितले. मी तिसऱ्याचं विचारलं, तर पुन्हा कागदावर वाकले. स्वयंपाकघरातला पंखा दिवसाला दोनच तास चालतो, त्याला वसूल व्हायला अकरा वर्षं लागतील, तो राहू दे.

पंखे दुसऱ्या दिवशी आले. बाबांनी खोके उघडताना चिकटपट्टी अलगद सोडवली, फाडू दिली नाही. दोन्ही खोके माळ्यावर आहेत.